‘स्मृतिचित्रे’तील आतिथ्य : एका मिशनरी दाम्पत्याच्या घराचे वाचन

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, १९३४ ते १९३६) या आत्मकथनाविषयी मराठी समीक्षेने भरभरून लिहिले आहे. निर्व्याज भाषा, प्रसन्न विनोद आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या लहरी स्वभावाचे हृद्य चित्रण ही वैशिष्ट्ये पाठ्यपुस्तकांपासून प्रबंधांपर्यंत सर्वत्र नोंदवली जातात. ती खरीही आहेत. मात्र या कौतुकात एक बाब दुर्लक्षित राहते. हे पुस्तक एका मिशनरी दाम्पत्याच्या घराचे आहे आणि त्या घरात धर्मप्रसाराचे रोजचे काम व्यासपीठापेक्षा चुलीपाशी अधिक घडते. त्या अंगाने या ग्रंथाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आत्मकथनाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे पराकोटीचे सोवळे येते. त्या घरी बाहेरून आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. हा भाग सहसा विनोदाचा नमुना म्हणून उद्धृत होतो. परंतु पुढील साऱ्या कथेचा पाया येथे आहे. ज्या घरात बाजारातील मिठालाही विटाळ आहे, तेथे परक्या माणसाला पान वाढणे ही गोष्ट किती दूरची! या घरातील मुलगी पुढे कोणालाही जेवू घालते आणि कोणाच्याही हातचे खाते. हे अंतर तिने कसे कापले, हाच या ग्रंथाचा खरा विषय आहे, असे मला वाटते.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मतांतराची सुरुवातही एका लहानशा सौजन्यातून झाली होती. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना आदराने वागवले, संस्कृत काव्यावर गप्पा केल्या आणि निरोप घेताना नवा करार हाती दिला. लक्ष्मीबाईंचा मार्ग याहून निराळा आणि अधिक खडतर आहे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) परतल्या, त्या हिंदू म्हणूनच. चूल आणि पाणी त्यांनी वेगळे ठेवले, आणि टिळकांनी ते ठेवू दिले. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी पत्नीचा सोवळ्यातील स्वयंपाक शिजत होता. टिळकांच्या धर्मकार्याची चर्चा करताना त्यांच्या अभंगांचा आणि कीर्तनांचा उल्लेख होतो, तो योग्यच. पण स्वतःच्या घरात दुसऱ्याच्या नियमांना जागा देणे हे त्यांच्या आतिथ्याचे पहिले आणि सर्वांत अवघड रूप होते, याची नोंद फारशी होत नाही.

पुढे जातिभेद हा ईश्वराने नव्हे, माणसाने निर्माण केला, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने पोहोचतात. त्यानंतर त्या इतरांच्या हातचे पाणी घेऊ लागतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. आधी पाणी, मग धर्म, हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या लेखी धर्मांतर ही प्रथम पंगतीतील घटना आहे.

टिळकांच्या औदार्याचे प्रसंग सर्वपरिचित आहेत. ते पूर्वसूचनेवाचून पाहुणे आणतात, हाती आलेला पैसा देऊन टाकतात. वाचक हसतो. लक्ष्मीबाईंचीही तीच अपेक्षा असावी. तथापि या विनोदाखाली एक हिशेब आहे. दारात ‘या’ म्हणणारे टिळक आणि डब्यात पीठ आहे की नाही हे पाहणाऱ्या लक्ष्मीबाई, अशी ही श्रमविभागणी आहे. वेतन एकाला मिळे, आतिथ्य मात्र दोघांच्या नावे होई. लक्ष्मीबाई तक्रारीचा सूर लावत नाहीत म्हणून समीक्षकांनीही तो हिशेब मांडू नये, हे पटत नाही.

या घराच्या पाहुण्यांत त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांचे स्थान विशेष आहे. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात गाजलेला हा तरुण टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. तो ख्रिस्ती झाला नाही आणि त्यामुळे त्याच्या पानात काही कमी वाढले गेले नाही. मिशनरी आतिथ्य म्हणजे मतांतराचे आमिष, या सरसकट आरोपाला याहून बोलके उत्तर क्वचितच सापडेल.

परंतु बालकवींचे उदाहरण पुढे करून प्रश्न मिटवता येणार नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात राहुरीच्या मुक्कामी या दाम्पत्याच्या आश्रयाला निराधार मुले आली. त्याच काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनातही दुष्काळग्रस्त मुली-स्त्रिया मोठ्या संख्येने येत होत्या. बालकवी नकार देऊ शकत होते. भुकेले मूल नकार देऊ शकत नाही. जेथे पाहुण्याला परतण्यासाठी घरच उरलेले नाही, तेथे आतिथ्य आणि पालकत्व यांतील सीमारेषा पुसट होते, आणि त्याबरोबर धर्मनिवडीचे स्वातंत्र्यही. लक्ष्मीबाई या मुलांविषयी अपार मायेने लिहितात, मात्र हा प्रश्न उपस्थित करीत नाहीत. माझ्या मते ही या ग्रंथाची मर्यादा आहे. तिचा दोष त्यांच्या मायेला देता येत नाही. माया प्रश्न विचारायला थांबत नाही इतकेच. समीक्षेने मात्र थांबले पाहिजे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडले व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात प्रवेश होता. ही कल्पना टिळकांच्या उत्तरायुष्यातील क्रांतिकारक झेप म्हणून वर्णिली जाते. वस्तुतः असा दरबार टिळकांच्या घरात कितीतरी आधीपासून भरत होता. बाप्तिस्म्यापूर्वीच्या लक्ष्मीबाई स्वतः त्याच्या सभासद होत्या, पुढे बालकवीही. साताऱ्याच्या दरबाराला नाव मिळाले, तारीख मिळाली. घरातल्या दरबाराची नोंद ‘स्मृतिचित्रे’तच काय ती आहे, तीही पीठ-मिठाच्या ओघात आलेली.