संगीत कला विहार आणि स्तुतीचा सुकाळ

भीमसेन जोशी यांची जन्मशताब्दी २०२२ मध्ये आणि कुमार गंधर्वांची २०२४ मध्ये साजरी झाली. या दोन निमित्तांनी मराठीत संगीतविषयक जो मजकूर छापला गेला, त्यातील बराचसा वाचून झाल्यावर मनात जी भावना उरली ती कृतज्ञतेची नसून उघड वैतागाची होती, हे आरंभीच नमूद केलेले बरे. गवयाचा स्वभाव, गवयाची मोटार, गवयाचे मौन, मैफलीनंतर पहाटे झालेल्या गप्पा, एवढ्यावर पानेच्या पाने खर्ची पडली. परंतु अमुक राग त्याने अमुक अंगाने का मांडला, कोणाकडून काय उचलले आणि काय जाणूनबुजून टाकले, याचा खुलासा मागायला गेलो तर हाती ‘युगप्रवर्तक’ या विशेषणापलीकडे फारसे काही लागेना. गायनकला आजही जोमात आहे, तरुण गळे तयारीचे आहेत. दैन्य आहे ते तिच्याविषयीच्या लेखनाचे.

असा वैताग आला की ‘संगीत कला विहार’चे जुने अंक काढून बसावे, हा माझा शिरस्ता आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे हे मासिक १९४७ मध्ये निघाले आणि त्याचे बिऱ्हाड दीर्घकाळ मिरजेस राहिले, ही गोष्ट केवळ कचेरीच्या सोयीची नव्हे. मिरजेला आश्रय घेऊन राहिलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी त्यापूर्वी मुंबईत ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिक चालवून पाहिले होते. त्यांच्यापाशी मिरजेतच शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढल्यावर ‘संगीतामृत प्रवाह’ सुरू केले. आणि विष्णु दिगंबरांचे शिष्य, जन्माने मिरजकर, प्रा. बा. र. देवधर यांनी ‘संगीत कला विहार’चे संपादन पत्करले. विष्णु दिगंबरांनी देह ठेवला तोही मिरजेस, १९३१ मध्ये, आणि त्याच वर्षी मंडळाची स्थापना झाली. गळ्यातून गळ्यात जाणारी विद्या कागदावरही उतरली पाहिजे, हा आग्रह एकाच शिष्यशाखेत तीन पिढ्या टिकावा, याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

हाथरसचे ‘संगीत’ मासिक १९३५ पासून चालू होते आणि त्याने स्वरलिपीचा प्रसार मनापासून केला; ते श्रेय त्याला देऊन पुढे जाऊ. देवधरांनी केले ते निराळ्या जातीचे. ज्या काळात वर्तमानपत्रांना संगीत म्हणजे नाटक आणि सिनेमा एवढेच ठाऊक होते आणि उस्तादांच्या घरी चीजेचा अंतरा विचारणे हा उद्धटपणा गणला जाई, त्या काळात या गृहस्थाने गवयांची अक्षरशः जबानी घेतली. हा शब्द मी तोलून वापरतो. तुमचे गुरू कोण, तालीम किती वर्षे, पहाटे काय गात होता, अमुक चीज कोणाची, ती तशीच शिकलात की बदललीत, असा विचारणारा माणूस स्वतः गाणारा, गाणे शिकवणारा आणि पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केलेला असल्यामुळे उत्तर देणाऱ्याला हातचे राखणे अवघड जात असले पाहिजे. फकिरासारखे फिरणारे सिंदे खाँ, त्यांच्यापाशी शिकलेले बडे गुलाम अली, आणि हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ, ज्यांना बापाचे शिष्य विष्णुपंत छत्रे यांनी आपल्या सर्कशीच्या तंबूबरोबर सांभाळले आणि ज्यांचा अंत १९२२ मध्ये आपल्या कुरुंदवाडास झाला, अशा माणसांविषयीचे हे लेख पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात एकत्र आले. ते वाचताना गवई थोर वाटतो तसाच विक्षिप्त, कंजूष, भित्रा, हट्टीही वाटतो. आणि त्या हट्टाचा त्याच्या गाण्याशी काय संबंध, हेही उमजते. देव्हारा कुठे नाही.

मंडळाचे मासिक म्हणजे संस्थेचे मुखपत्र, त्यास स्वतंत्र कसे म्हणावे, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियतकालिकावर प्रवेशिकेपासून अलंकारापर्यंतच्या विद्यार्थ्यांच्या सोयीचे लेख छापण्याचा दाब सदैव राहणार. तथापि स्वातंत्र्य केवळ मालकीवरून मोजायचे तर सिनेमाच्या जाहिरातींवर पोसलेल्या साप्ताहिकांना स्वतंत्र म्हणावे लागेल. तालुक्याच्या गावी पेटी घेऊन दहा मुलांना भूप शिकवणाऱ्या मास्तरास आग्र्याच्या आणि ग्वाल्हेरच्या घरांतील तपशील थेट वाचावयास मिळणे, हा घराण्यांच्या मक्तेदारीला काढलेला खरा पर्याय होता.

वामनराव देशपांडे यांची ‘घरंदाज गायकी’ आणि अशोक रानड्यांचे लेखन हे देवधरांच्या पुढचे टप्पे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्यानंतर काय झाले याचा. विद्यापीठीय प्रबंध पदोन्नतीसाठी लिहिले जातात आणि तेवढ्यापुरतेच वाचले जातात. वृत्तपत्रांतील मैफलींचे वृत्तान्त हे आभारप्रदर्शनाचे पुरवणी कलम होत. पडद्यावरील मुलाखतींत मुलाखतकारच अधिक भारावलेला असतो.

आता ध्वनिमुद्रणे मुबलक आहेत, ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे, लिहिण्याचे काय काम, असे एक सुशिक्षित मत हल्ली प्रौढीने मांडले जाते. हे मत मला आळशीपणाचे वाटते. ज्यांना तसे वाटते त्यांनी मिरजेस सतारमेकरांच्या दुकानात एक दुपार बसावे. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी, हे सर्व जुळून आल्यावरही तंबोरा मुका असतो. कारागीर घोडीच्या माथ्यावरून कानस हलकेच ओढतो, तार छेडतो, तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे सारतो, पुन्हा छेडतो, आणि एका क्षणी षड्जाभोवती स्वयंभू स्वरांचे मोहोळ उठते. मैफलीत ऐकणाऱ्यास तो नाद मिळतो. कानस कुठे थांबवावी हा निर्णय मिळत नाही. तो निर्णय कारागिराला विचारूनच कळतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बातम्या सर्वत्र छापून आल्या. परंतु कोणत्या गवयाने घोडीची ही घडण, म्हणजे जवारी, कशी मागितली, बंद की खुली, आणि त्याच्या आवाजाच्या लगावाशी तिचे काय नाते होते, हे त्या कारागिरांकडून लिहून घ्यावे असे किती संपादकांना सुचले?

आमच्याच मुलखात ही जिज्ञासा एके काळी होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, पेशाने पेन्शनर डेप्युटी कलेक्टर, यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा दाखला घेतला, क्लेमेंट्स नावाच्या गोऱ्या जज्जाला बरोबर घेऊन श्रुतींची पेटी बनवविली. त्यांचे निष्कर्ष भातखंड्यांना पटले नाहीत आणि त्यावरून खडाजंगी झाली. निष्कर्ष चुकलेले असतील. पण ती माणसे स्वराविषयी भांडत होती. आज गवयाविषयीदेखील कोणी भांडत नाही. या दोन जन्मशताब्द्यांच्या निमित्ताने ‘कुमारांचे हे मला मान्य नाही, आणि का नाही ते बंदिशीसह सांगतो’ असे म्हणणारा एक तरी लेख आघाडीच्या पानावर यायला हवा होता. ज्या माणसाने हयातभर मान्य गोष्टींना हरकत घेतली, त्याचा त्याहून मोठा सन्मान कोणता झाला असता? कुमार देवधरांच्याच मुंबईच्या शाळेत वाढले, एवढी साधी गोष्टसुद्धा या मंडळींनी शिष्टाचारापुरती उल्लेखिली. ग्वाल्हेरची शिस्त आणि हा बंडखोर गळा यांचा त्या वर्गात रोजचा व्यवहार कसा चालला असेल, हे शोधायचे राहूनच गेले.

जितेंद्र अभिषेकींची शताब्दी २०२९ मध्ये येते आहे आणि किशोरीताई आमोणकरांची २०३२ मध्ये. त्यांच्यासमोर बसून शिकलेली माणसे आज हयात आहेत, त्यांची स्मृती शाबूत आहे. संपादकांनी विशेषांकाच्या जाहिराती गोळा करण्यापूर्वी स्वरलिपी लिहिता येणारा एखादा मनुष्य आतापासून त्यांच्या दारी पाठवावा, आणि त्याने ‘बुवा कसे होते’ हे न विचारता, ‘कट्यार काळजात घुसली’च्या चाली बांधताना अभिषेकीबुवांनी कोणती चाल आधी केली होती आणि मग ती का रद्द केली, हे विचारावे.