दोन्ही मिळून जास्त मेल्या, म्हणजे सिनर्जी?

करमाळ्याकडच्या उसात हुमणी लागली की प्रश्न येतोच: मित्र सूत्रकृमी आणि कीटकनाशक एकत्र दिलं तर? यावरचे पेपर वाचताना एक वाक्य मला कायम खटकतं: एकत्र दिल्यावर जास्त अळ्या मेल्या, म्हणून सिनर्जी.

थांबा, आधी गणित करा. समजा, नुसत्या औषधाने ३० टक्के अळ्या मरतात, नुसत्या सूत्रकृमींनी ४०. दोघांनी स्वतंत्रपणे काम केलं तर? ३०, अधिक उरलेल्या ७० चे ४० टक्के म्हणजे २८, एकूण ५८. प्रयोगात ६० आले, तर दोघांनी आपापलं काम केलं, एवढंच. ५८ पेक्षा लक्षणीय जास्त आले, तरच सिनर्जी.

कोपेनहॉफर आणि काया यांनी १९९८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसोबत ती दाखवली, पुढे कारणही शोधलं: औषधाने अळी सुस्तावते, सूत्रकृमींना झटकत नाही. पण त्या अळ्या अमेरिकेतल्या. आपली हुमणी होलोट्रिकिया सेराटा. तो निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येत नाही. शिवाय पेट्री डिशमध्ये सूत्रकृमी औषधात जगले, ही फक्त पहिली पायरी. मातीत अळी शोधून मारणं वेगळं.

म्हणून निष्कर्ष लिहिण्याआधी अपेक्षित आकडा काढा. तोच नसेल, तर शेतकऱ्याला दोन्हींचा खर्च कशाच्या जोरावर करायला सांगणार?