देखाव्यातील अग्नी आणि धूम : अनुकृतीची मर्यादा

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाल्याचे सांगितले आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. तेथे काय किंवा महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही गावी काय, गणेशोत्सवात लंकादहनाचा देखावा उभारू पाहणाऱ्या कारागिरापुढील प्रश्न मूलतः साहित्यशास्त्राचाच आहे : कृत्रिम साधनांनी अग्नीची प्रतीती कशी घडवावी?

खरा अग्नी वापरावा, हे या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर. कापड आणि लाकूड यांच्या मंडपात ते घातक आहे, हे उघडच आहे. परंतु ते कलादृष्ट्याही फसते. प्रासाद लहान करता येतो, ज्वाला तशी लहान होत नाही. ज्वालेच्या उसळण्याची गती तिच्या तळाच्या व्यासाच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते. तळ १० सेंटिमीटरचा असेल तर ती सेकंदाला सुमारे ५ वेळा उसळते. १० मीटरचा असेल तर दोन सेकंदांत जेमतेम एकदा. म्हणून प्रतिकृतीला लावलेली खरी आग नगरदाहाची न वाटता चुलीतल्या जाळासारखी वाटते. चित्रपटाला येथे एक सवलत आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१७ मध्ये 'लंकादहन' पडद्यावर आणले, त्या माध्यमात काळ ताणता येतो : मूळच्या एक-षोडशांश मापाची प्रतिकृती चौपट गतीने चित्रित केली, की ज्वाला भव्य आणि संथ भासतात. देखाव्याचा प्रेक्षक मात्र स्वतःच्याच काळात उभा असतो.

तेव्हा अनुकृती अपरिहार्य ठरते. पंख्याच्या वाऱ्यावर फडफडणाऱ्या तलम कापडाच्या पट्ट्या, तांबडेपिवळे दिवे आणि धुरासाठी पिंजलेला कापूस ही तिची परिचित सामग्री होय. येथे श्रीशंकुकाच्या अनुमितिवादाचे स्मरण होते. धुक्याला धूर समजून अग्नीचे अनुमान व्हावे, तसा कृत्रिम विभावादिकांवरून प्रेक्षक स्थायी भावाचे अनुमान करतो, असे त्याच्या मताचे विवरण केले जाते. 'अभिनवभारती'त यावर मार्मिक आक्षेप आहे : धुके ही धुराची नक्कल आहे असे ज्याला कळले, त्याला त्यावरून अग्नीची नक्कल करणाऱ्या जास्वंदीच्या फुलांचे अनुमान होत नाही. देखाव्यातील शुभ्र कापूस नेमका याच आक्षेपाला बळी पडतो. तो कापूस म्हणून ओळखला जातो, किंवा फार तर ढग वाटतो. आग काही दिसत नाही.

या आक्षेपातून वाट आहे, ती अग्नीच्या कार्यांकडे वळण्याची. भिंतीवर पडलेला तांबूस प्रकाश ही प्रकाशाची नक्कल नव्हे. तो प्रकाशच आहे. गवाक्षांवर चढलेली काजळी, एकाच दिशेला झुकलेले धुराचे लोट, पळणाऱ्या आकृतींच्या आगीकडील अंगावरचा उजेड आणि दुसऱ्या अंगावरचा अंधार, ही सारी अग्नीची लिंगे होत. ज्वाला तटाआड ठेवून ही लिंगे परस्परांशी सुसंगत राखली, तर प्रेक्षक न दिसणारा अग्नी स्वतःच पुरवतो. कापूसही मग निरुपयोगी राहत नाही. तो विरळ ओढून तळाशी काळपट आणि वर करडा रंगवला, व खालून मंद, अनियमित प्रकाश दिला, तर तो धूर होतो. मात्र तो सहज पेट घेतो. म्हणून आतला दिवा न तापणारा हवा आणि तारा कापसापासून दूर हव्यात.

देखाव्याचे मूल्यमापन करताना ज्वाला किती हुबेहूब आहेत, असे विचारण्याचा प्रघात सोडून द्यावा हे उचित. ज्वालेवाचून आग कळली की नाही, हाच खरा निकष होय. या निकषावर उतरणारा कारागीर खऱ्या विस्तवाच्या मोहात पडणार नाही आणि मंडपही सुरक्षित राहील. कलेचे आणि सावधगितेचे हित येथे एकच आहे.