गिल्बर्ट व्हाइटचे ‘सेल्बोर्न’ : एका पॅरिशच्या चरित्राचे पुनर्वाचन

प्रस्तावना : इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातले सेल्बोर्न हे लहानसे ग्रामीण पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या अधिकारातील गाव. गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) याच्या ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेल्बोर्न’ (१७८९) या पत्ररूप ग्रंथामुळे ते जगभर परिचित झाले. नंतरच्या अनेक आवृत्त्यांनी मात्र त्यातील ‘अँटिक्विटीज’ हा पुरावशेषांचा भाग गाळला. त्यामुळे ग्रंथाचा आशय कसा उणावतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : निसर्गभागात व्हाइट केवळ स्वरावरून सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांतील भेद ओळखतो आणि जमिनीच्या दृष्टीने गांडुळांचे महत्त्व सांगतो. हीच सूक्ष्म दृष्टी पुरावशेषांकडेही वळते. चर्चच्या आवारातील यू वृक्षाचा २३ फूट घेर त्याने याच भागात नोंदविला आहे. जानेवारी १९९० च्या वादळात तो वृक्ष कोसळल्याने या नोंदीचे मोल वाढले आहे.

येथेच १२३३ मध्ये बिशप पीटर दे रोश याने स्थापिलेल्या मठाचा इतिहास येतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मठ बंद होऊन त्याची मिळकत ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयाकडे गेली. व्हिकर नेमण्याचा हक्कही त्याच महाविद्यालयाचा होता. ओरिएल महाविद्यालयाचा फेलो असलेला व्हाइट त्यामुळे जन्मगावी क्युरेटच राहिला. म्हणजेच गाळलेला भाग लेखकाच्या स्वतःच्या स्थानाचाही उलगडा करतो.

मर्यादा : व्हाइट पॅरिशमधील ६७६ रहिवाशांची गणना देतो, गरिबांसाठी लव्हाळ्याच्या स्वस्त दिव्यांचा हिशेबही मांडतो. तथापि त्यांच्या दारिद्र्याची कारणे तो शोधत नाही. त्याच्या वर्णनातील गरीब चांगल्या दगडी-विटांच्या घरांत सुखाने राहतात. पुढे नोव्हेंबर १८३० मध्ये याच गावात जमावाने गरीबगृहावर हल्ला केला आणि धर्मोपदेशकाकडे दशांशकर कमी करण्याची मागणी केली. हे भाकीत व्हाइटने करावयास हवे होते, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्या असंतोषाची मुळे त्याच्या शांत गावचित्रात आढळत नाहीत, हेही नाकारता येत नाही.

निष्कर्ष : निसर्ग आणि इतिहास यांची फारकत व्हाइटने केलेली नाही, ती संपादकांनी केली. श्रमिकांविषयीचे मौन मात्र त्याचे स्वतःचे आहे. म्हणून हा ग्रंथ वर्गात शिकविताना तो संपूर्ण वाचावा आणि १८३० च्या घटनेसह वाचावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.