'स्मृतिचित्रे'तील श्रद्धा : दैनंदिन आज्ञापालन आणि त्याचे मोल

प्रस्तावना

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचे स्थान सर्वमान्य आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची चर्चा प्रामुख्याने त्यातील बोलकी भाषा, निर्मळ विनोद आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे व्यक्तिदर्शन या अंगांनी होत आली आहे. त्यातील ख्रिस्ती श्रद्धेचा विचार मात्र बहुधा धर्मांतराच्या घटनेपाशी थांबतो. श्रद्धा म्हणजे रोजच्या व्यवहारात पाळलेली देवाची आज्ञा, हे सूत्र या ग्रंथात कसे उलगडते आणि त्या आज्ञापालनाचे मोल कोणाला द्यावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बाप्तिस्म्यानंतरची वाटचाल

बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगाव येथे झाला. त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राची रचना शंका, अभ्यास, वादविवाद आणि अखेर धर्मस्वीकार अशी चढत जाते. ते सत्याच्या शोधाचे कथन आहे. 'स्मृतिचित्रे'ची जातकुळी निराळी आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. परंतु या दोन्ही घटना ग्रंथाचा शेवट ठरत नाहीत. त्यानंतरच संसार, दारिद्र्य, आश्रित मुले, आजारपण आणि वैधव्य यांचे विस्तृत चित्रण येते. श्रद्धेची कसोटी निर्णयाच्या दिवशी लागत नसून त्यानंतरच्या सामान्य दिवसांत लागते, हे या रचनेतूनच सूचित होते.

सोवळे आणि आज्ञा

ग्रंथारंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचे जे वर्णन येते ते केवळ हास्यरसासाठी नाही. त्या घरातही धर्म रोज, क्षणोक्षणी पाळला जात होता. शिस्तीत तेथे कसूर नव्हती. परंतु त्या शिस्तीचा जाच घरातील स्त्रियांना आणि मुलांना होत होता. म्हणजे दैनंदिन आचरण हे स्वतःहून श्रद्धेचे प्रमाण ठरत नाही. ते माणसाला माणसाच्या जवळ नेते की दूर, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर राहुरीच्या भागात सापडते. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे विभक्त राहून लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले होते. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा निर्णय त्यांच्या मनाने बाप्तिस्म्यापूर्वीच घेतला आणि त्याची अंमलबजावणी अन्नपाण्यापासून झाली. प्रथम आचार बदलला, नंतर धर्माचे नाव बदलले. हा क्रम लक्षणीय आहे.

अनुसरण कोणाचे?

जोसेफिन इंकस्टर यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये 'आय फॉलो आफ्टर' या नावाने प्रसिद्ध झाला. 'मागोमाग जाणे' असा आशय असलेल्या या शीर्षकामुळे लक्ष्मीबाई पतीच्या पाठोपाठ गेलेली पत्नी ठरतात. हे वाचन अपुरे आहे. पतीजवळ परतणे आणि पतीचा धर्म स्वीकारणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. पतिनिष्ठा आणि देवाची आज्ञा यांतील हे अंतर त्यांनी तात्त्विक भाषेत मांडले नाही; ते जगून दाखविले.

जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ मधील आपल्या शिष्यत्वविषयक ग्रंथात ज्या कृपेसाठी माणसाला काहीच द्यावे लागत नाही अशा 'स्वस्त कृपे'वर टीका केली. त्यांच्या मते विश्वास आणि आज्ञापालन यांची फारकत करता येत नाही. हा निकष 'स्मृतिचित्रे'ला लावला असता एक अवघड प्रश्न पुढे येतो. टिळकांचे औदार्य अमर्याद होते. हाती आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे होणे आणि अनाथ मुलांना घरी आणणे हे त्यांच्या दृष्टीने सहज आज्ञापालन होते. परंतु त्या मुलांसाठी स्वयंपाक करणे, त्यांची आजारपणे काढणे आणि रिकाम्या डब्यांतून महिना निभावणे हा भाग लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला. एकाच्या त्यागाची किंमत दुसऱ्याने द्यावी काय? लक्ष्मीबाई हा प्रश्न दडवीत नाहीत. भांडणे, रुसवे आणि वैताग त्या मोकळेपणाने सांगतात. त्यांचा विनोद येथे नैतिक कार्य करतो : पतीविषयीचा आदर कायम ठेवून त्याच्या उतावीळ साधुत्वाची तो झडती घेतो.

कष्टांतील उपासना

घरकामात देवाचे सान्निध्य अनुभवण्याची कल्पना ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात स्वयंपाकी असलेले ब्रदर लॉरेन्स त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मराठी मनाला तर जात्यावरची जनाबाई आणि मळ्यातील सावता माळी परिचितच आहेत. टिळकांनी ख्रिस्तभक्तीचे नाते संतपरंपरेशी जोडले आणि १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. लक्ष्मीबाईंनी अशी कल्पना मांडली नाही. मात्र भक्ती आणि कष्ट यांची सांगड त्यांच्या नित्य जीवनात दिसते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. औपचारिक शालेय शिक्षण न लाभलेल्या स्त्रीने हाती घेतलेले हे कामही त्याच चिकाटीचे फलित होय.

ग्रंथाची मर्यादा

या ग्रंथाची एक मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार आणि मांग समाजांतून आलेला होता. लक्ष्मीबाईंना ज्यांच्या हातचे पाणी घेण्यासाठी मनाशी झगडावे लागले, त्या माणसांचा अनुभव येथे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत येत नाही. पाणी घेणारीची घालमेल वाचकाला कळते. ते देणाऱ्याला काय वाटले हे कळत नाही. हा आत्मचरित्र या प्रकाराचाच स्वभाव असला, तरी 'स्मृतिचित्रे' अध्यापनात घेताना ही रिकामी जागा विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावयास हवी.

निष्कर्ष

'स्मृतिचित्रे'मध्ये आज्ञापालन म्हणजे निमूट शरणागती नव्हे. स्वतः पारखून घेतलेला निर्णय रोजच्या अन्नपाण्यात, आश्रितांच्या संगोपनात आणि प्रसंगी जोडीदाराशी झालेल्या वादातही टिकविणे, असा त्याचा अर्थ आहे. श्रद्धेचे मूल्यमापन करताना देणाऱ्याच्या हाताबरोबर घर निभावणाऱ्या हाताचाही हिशेब धरावा लागतो, ही या ग्रंथाची देणगी होय. केवळ धर्मांतराची कहाणी किंवा केवळ विनोदी आत्मकथन म्हणून त्याचे वाचन केल्यास हा हिशेब नजरेआड होतो.