पाच अधिक पाच कधी होतात? मल्टिक्लासिंगचा नियम वाचताना

गेम्सवर पीएच.डी. करायची म्हणजे नेमकं वाचायचं काय, असं पेटची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी मला विचारलं. त्यांना मी म्हटलं, थिअरी नंतर बघू, आधी एखादा छोटा नियम घ्या आणि त्यावर टीका लिहून बघा. आज तेच करूया. नियम आहे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधला मल्टिक्लासिंगचा, म्हणजे एकाच पात्रात दोन क्लासच्या क्षमता एकत्र करण्याचा. मजकूर २०१४च्या 'प्लेयर्स हँडबुक'मधला. जेमतेम काही पानांचा नियम आहे, पण त्यावर वाद घालणाऱ्यांनी त्याच्या शंभरपट पानं भरली असतील.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाचजण टेबलाभोवती बसतात, एकजण डंजन मास्टर होऊन गोष्ट चालवतो, बाकीच्यांचं एकेक पात्र असतं. पात्राला क्लास असतो: फायटर, रोग, विझर्ड, क्लेरिक वगैरे. अनुभवाचे गुण साठले की लेव्हल वाढते, १ ते २०. प्रत्येक नव्या लेव्हलला त्या क्लासची पुढची क्षमता मिळते. मल्टिक्लासिंग म्हणजे पुढची लेव्हल जुन्या क्लासमध्ये न घेता दुसऱ्याच क्लासची पहिली लेव्हल घेणं. रोग ५ असलेलं पात्र सहाव्या लेव्हलला रोग ५ / फायटर १ होऊ शकतं. अट एवढीच की दोन्ही क्लासना लागणारे मूळ गुण, ताकद, चपळाई असे, किमान १३ हवेत.

आता, असा नियम वाचायला घेतला की आपलं लक्ष 'काय करता येतं' याकडे जातं. माझं म्हणणं असं की आधी 'कशाची बेरीज होत नाही' ते शोधा. नियम लिहिणाऱ्याला कशाची भीती होती, ते तिथेच दिसतं. फायटरला पाचव्या लेव्हलला एका वेळी दोन वार करता येतात, बार्बेरियनलाही करता येतात. पण दोन्ही क्लास घेतले म्हणून वार तीन होत नाहीत. चिलखताशिवाय बचाव करण्याची क्षमता दुसऱ्या क्लासकडून पुन्हा मिळत नाही. सेव्हिंग थ्रो, म्हणजे संकट टाळायचे फासे, त्यातलं प्रावीण्य फक्त पहिल्या लेव्हलला निवडलेल्या क्लासकडून मिळतं.

हे शेवटचं तिसऱ्या आवृत्तीमुळे आलं असावं, असं मला वाटतं. २०००च्या त्या आवृत्तीत नव्या क्लासची पहिली लेव्हल घेतली की त्या क्लासच्या भक्कम थ्रोवर +२ मिळायचे, आणि ते आधीच्या आकड्यात मिळवले जायचे. चार क्लास चाखून बघणारा माणूस एकाच क्लासशी इमान राखणाऱ्यापेक्षा टणक व्हायचा. उलट जादूचं तिथे वाटोळं व्हायचं. विझर्ड १० / क्लेरिक १० असं पात्र विसाव्या लेव्हलला दोन्ही बाजूंनी दहाव्या लेव्हलचीच जादू करायचं. लढण्याच्या कौशल्याची बेरीज व्हायची, जादूची नाही. २०१४च्या नियमात यावर एक हुशार तोड आहे. जादूचे स्लॉट, म्हणजे दिवसभरात मंत्र टाकायचं भांडवल, ते दोन्ही क्लासच्या लेव्हल्स मिळवून एका सामाईक तक्त्यावरून ठरतात. पण मंत्र कोणते येतात हे प्रत्येक क्लासचं वेगळं मोजायचं. विझर्ड ३ / क्लेरिक ३ ला तिसऱ्या पातळीचे तीन स्लॉट मिळतात, पण तिसऱ्या पातळीचा एकही मंत्र येत नाही. दुसऱ्या पातळीचेच मंत्र जास्त जोर लावून टाकायचे. खिशात पाचशेची नोट, पण दुकानात शंभरच्याच वस्तू.

इथवर वाचन ठीक झालं. टीका पुढे सुरू होते, आणि तिथेच मी आपटले होते.

या विषयावरचं माझं पहिलं काम म्हणजे एक भलीमोठी एक्सेल शीट. विसाव्या लेव्हलला कोणती जोडी किती नुकसान करते, सगळं क्रमवार. गाईडनी शीट बघितली आणि एकच प्रश्न विचारला: "विसावी लेव्हल किती टेबलांवर येते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विश्लेषणाचं एकक चुकवलं होतं. मी 'तयार पात्र' मोजत होते, आणि खेळणारा माणूस जगतो वाटेवर. चला, तुमच्यासमोरच ते गणित नीट मांडते. पेन घ्या, अवघड नाही.

दोन पात्रं घेऊ, दोघांची चपळाई सुरुवातीला १६. एक शुद्ध रोग. दुसऱ्याला दहाव्या लेव्हलला रोग ५ / फायटर ५ व्हायचंय. गृहीतकं आधी सांगते (तुमच्या सिनॉप्सिसमध्येही ती आधीच येऊ द्या): हत्यार रेपियर, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा, प्रत्येक वार लागण्याची शक्यता ६५ टक्के, मूळ गुण वाढवायची संधी मिळाली की चपळाई वाढवायची, क्रिटिकल हिट धरत नाही. फायटरची लढण्याची शैली बचावाची घेतलीय, आणि त्याचा 'अॅक्शन सर्ज' विश्रांतीमागे एकदाच वापरता येतो म्हणून सरासरीतून बाहेर ठेवलाय. रोगचा 'स्नीक अटॅक' हे नेहमीच्या सहा बाजूंचे जादा फासे. ते एका टर्नमध्ये एकदाच लागू होतात, पण ती संधी प्रत्येक टर्नला मिळते असं धरू. हा 'एकदाच' लक्षात ठेवा.

दहाव्या लेव्हलला रोग १० चा एक वार: हत्यार सरासरी ४.५, चपळाईचे ५, स्नीक अटॅकचे पाच फासे म्हणजे १७.५. एकूण २७, त्याचे ६५ टक्के म्हणजे १७.५५. जोडी-पात्राचे वार दोन, प्रत्येकी ९.५, त्यांचे मिळून १२.३५. स्नीक अटॅकचे फासे तीनच, सरासरी १०.५, पण दोनपैकी एक तरी वार लागला की झालं. ती शक्यता ८७.७५ टक्के, म्हणजे ९.२१. एकूण २१.५६. दोन वारांमुळे स्नीक अटॅक दुप्पट झाला नाही, फक्त हुकण्याची भीती कमी झाली. तरी जोडी सरळ पुढे आहे. माझ्या शीटने इथेच जोडीला विजयी घोषित केलं असतं.

आता फक्त एक लेव्हल मागे या. आधी रोग ५ पूर्ण करून मग फायटर घेणाऱ्याकडे नवव्या लेव्हलला रोग ५ / फायटर ४ आहे. दुसरा वार अजून आलेला नाही. त्याचा हिशोब: ९.५ अधिक १०.५, त्याचे ६५ टक्के, म्हणजे १३. शुद्ध रोग मात्र ९ लाच १७.५५ वर पोचलाय. आणि हे मागे पडणं सातव्या लेव्हलपासून सुरू आहे. अनुभवाच्या तक्त्यात सातवी लेव्हल २३,००० गुणांना येते, दहावी ६४,००० ना. म्हणजे दहाव्या लेव्हलपर्यंतच्या ६४,००० पैकी ४१,००० गुण मिळवण्याच्या काळात हा खेळाडू प्रत्येक लढाईत शेजारच्यापेक्षा कमी मारतोय, आणि 'नंतर भारी होणार आहे' असं स्वतःला समजावतोय.

बरं, हाच प्रवास उलटा करा. आधी फायटर ५, मग रोग. नवव्या लेव्हलला फायटर ५ / रोग ४: दोन वारांचे १२.३५, स्नीक अटॅकचे दोन फासे म्हणजे ७, त्याचे ८७.७५ टक्के ६.१४. एकूण १८.४९, म्हणजे शुद्ध रोगच्याही पुढे. याला किंमत नाही असं नाही. पहिल्या चार लेव्हल्समध्ये हा बराच मागे असतो, चौथ्या लेव्हलला साधारण ५.५ विरुद्ध १०. पण पाचवी लेव्हल ६,५०० गुणांना येते, ते दिवस लवकर सरतात. वर, पहिला क्लास फायटर असल्याने कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो मिळतो, रोगने सुरुवात केली तर तो मिळत नाही.

दहाव्या लेव्हलला दोघांच्या कागदावर लिहिलेलं जवळपास एकच आहे. पुस्तकातल्या त्या पानांवर 'क्रम महत्त्वाचा आहे' असं ठळकपणे कुठेही सांगितलेलं नाही. ज्याने सगळे क्लास वीस-वीस लेव्हल्सपर्यंत वाचलेत त्यालाच हे दिसतं. नवा खेळाडू गोष्टीच्या ओघात म्हणतो, "माझी चोर आता सैन्यात भरती झाली," आणि बिचारी तीन लेव्हल्स अडकते. हा या नियमावरचा माझा मुख्य आक्षेप: निवड गोष्टीसाठी आहे असं तो म्हणतो, आणि बक्षीस देतो ते पाठांतराला. १९७८च्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत माणूस-पात्राने क्लास बदलला की नवी लेव्हल जुनीच्या पुढे जाईपर्यंत जुन्या क्षमता वापरल्यास अनुभवाच्या गुणांवर पाणी सोडावं लागायचं. जाचक होतं, पण वाटेतला खड्डा निदान पाटी लावून दाखवला होता.

दुसरा आक्षेप वेळेचा. २०१४च्या नियमाने आकड्यांची बेरीज विचारपूर्वक केली, पण घड्याळांचा विचार कमी पडला. वॉरलॉकचे स्लॉट छोट्या विश्रांतीत, तासाभरात परत येतात; सॉर्सररला स्लॉट मोडून पॉइंट आणि पॉइंटांचे पुन्हा स्लॉट करता येतात, आणि असे बनवलेले स्लॉट मोठ्या विश्रांतीपर्यंत टिकतात. मग झोपायचंच नाही! तासातासाने बसायचं आणि स्लॉटांचा साठा करत जायचं. खेळाडूंनी याचं नाव ठेवलं 'कॉफीलॉक'. २०१७च्या 'झॅनाथार्स गाइड'मध्ये चोवीस तास मोठी विश्रांती न घेतल्यास थकवा येण्याचा नियम आला. दोन्ही क्लास सुटे बघितले तर त्यांत खोट नाही, खोट सांध्यात आहे. हुनिके, लेब्लांक आणि झुबेक यांचा २००४चा एमडीए पेपर तुम्ही वाचणारच आहात; त्यातला नियम आणि नियमांचं चालू खेळातलं वागणं यांतला फरक समजायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आता २०२४चं हँडबुक बघा. जुना पॅलाडिन वार लागला की कुठल्याही क्लासचा स्लॉट जाळून 'डिव्हाइन स्माइट' करू शकायचा, एका टर्नमध्ये दोन वार लागले तर दोनदा. सॉर्सररचे ढीगभर स्लॉट आणून हे करणं ही प्रसिद्ध जोडी. नव्या पुस्तकात स्माइट हा बोनस अॅक्शनचा मंत्र झालाय, म्हणजे टर्नला एकदाच. अॅक्शन सर्जमधून आता मंत्र टाकता येत नाही. दोन लेव्हल फायटर घेऊन एका दमात दोन मोठे मंत्र टाकणाऱ्या विझर्डची सोय गेली. हे बदल फक्त जोड्यांमुळेच केले असं मी म्हणणार नाही, पण परिणाम बघा: जिने आयुष्यात कधी मल्टिक्लास केलं नाही, जी पहिल्यापासून पॅलाडिनच आहे, तिचाही दुसरा स्माइट गेला. नियम सांध्यात बिघडला होता आणि दुरुस्ती मूळ क्लासमध्ये झाली.

फायटर-रोगची वाट मात्र २०१४च्या आकड्यांवर मांडली आहे. २०२४च्या पुस्तकात हत्यारांना नवे गुणधर्म आलेत, रोगला स्नीक अटॅकचे काही फासे सोडून त्याबदल्यात डाव टाकता येतात, त्यामुळे 'कमी मारतोय' याचा अर्थच थोडा बदलतो. कुणाला सेमिनारला विषय हवा असेल तर सातवी ते नववी या तीनच लेव्हल्स घ्या आणि नव्या पुस्तकावर हे गणित पुन्हा करा. गृहीतकं वरच्या बाजूला लिहा, आणि शीट मला पाठवा.