मालकिणीचा कबुलीजबाब

‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या प्रकाशक कॅथरिन ग्रॅहम (१९१७-२००१) यांचे ‘पर्सनल हिस्टरी’ हे आत्मचरित्र १९९७ साली प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक लाभले. ग्रॅहमबाईंचे नाव निघाले की पेंटॅगॉनची गुप्त कागदपत्रे आणि वॉटरगेट ही दोन प्रकरणेच डोळ्यांपुढे येतात. तथापि या ग्रंथाचे खरे बळ त्यांच्या आधीच्या पानांत आहे, असे मला वाटते.

वडील यूजीन मायर यांनी दिवाळखोरीत निघालेले हे पत्र १९३३ च्या लिलावात ८,२५,००० डॉलरना घेतले. पुढे मालकी सोपविताना त्यांनी लेकीपेक्षा जावई फिलिप यांच्या नावे अधिक भाग केले. पुरुषाने पत्नीच्या हाताखाली काम करावे, हे त्यांना रुचणारे नव्हते. (सातबाऱ्यावरून लेकीचे नाव गाळणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये!) कन्येलाही तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही, आणि ती हे लपवीत नाही.

पतीविषयी लिहिणाऱ्या पत्नीची लेखणी कशी मोकळी असू शकते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकास ठाऊक आहे. तेथील विनोद येथे नाही. फिलिप यांच्या मनोविकाराने त्यास जागाच ठेवली नाही. त्यांची बुद्धिमत्ता, चारचौघांत पत्नीचा केलेला उपहास, परस्त्रीशी संबंध आणि ३ ऑगस्ट १९६३ रोजी केलेली आत्महत्या, हे सारे बाई सांगतात; पण सूड उगवीत नाहीत. ही पाने मी दोनदा वाचली.

त्यानंतर कारभार हाती घेणारी ही चार मुलांची आई इतकी बुजरी, की कार्यालयातील नाताळच्या मेळाव्यात नुसत्या शुभेच्छा देण्याचीही तिने आधी तालीम केली! हीच बाई १७ जून १९७१ च्या रात्री घरी पाहुणे जमलेले असताना दूरध्वनीवरून कागदपत्रे छापण्यास अनुमती देते. वकिलांचा सल्ला विरोधी होता आणि कंपनीच्या भागांची जाहीर विक्री नुकतीच झाली होती. ३० जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. २०१७ च्या ‘द पोस्ट’ या चित्रपटाने ती रात्र सर्वतोमुखी केली. त्यामागचा संसार मात्र ग्रंथातच वाचावा लागतो.

माझा आक्षेप १९७५ च्या संपाबद्दल आहे. छपाई कामगारांनी यंत्रांची नासधूस केली, हे खरे. त्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु त्यांच्या जागी नवी माणसे कायमची नेमली गेली, तेव्हा त्या कामगारांच्या घरी काय घडले असेल, याचा विचार बाई पुरेसा करीत नाहीत. स्वतःच्या भित्रेपणाची कबुली इतक्या निर्भयपणे देणारी लेखिका येथे मालकिणीच्या खुर्चीतून उठत नाही. गोदीत वा गिरणीत राबलेल्यांच्या घरी वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे खटकेल.

ग्रंथ ६०० हून अधिक पृष्ठांचा आहे. इंग्रजी मात्र जड नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींच्या हाती तो अवश्य द्यावा, आणि संपाचे प्रकरण त्यांच्यासमवेत बसून वाचावे.